पोलाद गडचिरोलीचे, कोक कुणाचा?

गोंदिया शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या बिरसीला लोक आता विमानतळामुळे ओळखतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे अनेक वर्षांनी तिचा विस्तार झाला, वैमानिक घडवणारी संस्था आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादकडे जाणारी प्रवासी सेवा सुरू झाली. गावाशेजारी विमान उतरू लागले की माणसे कारखान्याची वाट पाहू लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे सध्या टपरीवरच्या गप्पांत धानाच्या भावानंतरचा विषय असतो गडचिरोलीचे पोलाद. झाडीपट्टीच्या दक्षिण टोकाला एवढा मोठा उद्योग उभा राहिला तर गोंदिया-भंडाऱ्याच्या पोरांना पुण्या-हैदराबादची गाडी धरावी लागणार नाही, अशी ती आशा आहे.

आशेला आधार नाही असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे जेएसडब्ल्यू समूहाने राज्य सरकारशी ३ लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार केला आणि पुढच्याच महिन्यात समूहाचे प्रमुख सज्जन जिंदाल यांनी गडचिरोलीत वर्षाला अडीच कोटी टन पोलाद काढणारा कारखाना उभारण्याचा मनोदय जाहीर केला. जुलै २०२५ मध्ये कोनसरी येथे लॉइड्स मेटल्सच्या ४५ लाख टनांच्या प्रकल्पाची पायाभरणी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाली. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. पोलादाला लागणारे मँगनीज भंडारा आणि बालाघाटच्या खाणींतून पिढ्यान् पिढ्या निघते आहे. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात कोळसा तर इतका आहे की त्याच्या धुळीने माणसे हैराण आहेत. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की लोखंड कोळशाने गळत नाही, कोकने गळते. आणि विदर्भाच्या कोळशाचा कोक होत नाही. गडचिरोलीच्या चर्चेत हे वाक्य मी फारसे कुठे ऐकलेले नाही. पोलाद किती, रोजगार किती, जमीन किती याचे आकडे येतात. कोक कुठून आणणार, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

कोक म्हणजे काय?

ज्यांनी शेगडी पाहिली आहे त्यांना हे सांगणे सोपे आहे. लाकूड हवेशिवाय भाजले की लोणारी कोळसा होतो. तसाच दगडी कोळसा बंद भट्टीत हजार-अकराशे अंश सेल्सिअसला सोळा-अठरा तास हवेशिवाय भाजला की त्यातला धूर, डांबर आणि वायू निघून जातात आणि उरतो तो राखाडी, सच्छिद्र, दगडासारखा टणक कोक. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने १७०९ साली कोकवर लोखंड गाळून दाखवले, तेव्हापासून मोठ्या झोतभट्ट्यांचे पोट कोकवर चालते.

झोतभट्टीत कोक तीन कामे करतो. तो जळून उष्णता देतो. त्याच्यापासून होणारा वायू खनिजातला प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड सुटे करतो. ही दोन कामे साधा कोळसाही थोडीफार करील. तिसरे काम मात्र फक्त कोकचे. भट्टीची उंची कित्येक मजली इमारतीएवढी. वरून खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थर टाकले जातात, खालून तप्त हवेचा झोत येतो. एवढ्या भाराखाली, एवढ्या उष्णतेत ज्याचा भुगा होणार नाही आणि ज्याच्या फटींतून हवा वर व वितळलेले लोखंड खाली वाहील, असा आधार तेथे हवा. साधा कोळसा घातला तर त्याची पूड होऊन भट्टी गुदमरेल.

हा कणखरपणा येतो कुठून? तर चिकटपणातून. काही जातींचा कोळसा साधारण साडेतीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान मऊ होतो, गुळाच्या पाकासारखा चिकट होतो, फुगतो आणि मग एकसंध घट्ट होतो. त्याला कोकिंग कोळसा म्हणायचे. बाकीचा कोळसा मऊ होत नाही; तापवला की भुगाच राहतो. दोन्ही दिसायला काळेच. डोळ्यांनी पाहून फरक सांगता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते.

मुशीतला एक ग्रॅम

ही तपासणी म्हणजे काही अगम्य विद्या नव्हे. पहिला भाग सगळ्याच कोळशांना लागू आहे. कोळशाची बारीक पूड करून एकशे पाच ते एकशे दहा अंशांवर वाळवली की वजनात जी घट येते तो ओलावा. झाकणाच्या मुशीत नऊशे अंशांवर सात मिनिटे तापवली की उडून जातात ते वायुरूप घटक. उघड्या बशीत आठशे पंधरा अंशांवर पूर्ण जाळली की खाली उरते ती राख. राख म्हणजे काय, तर कोळशात मिसळलेली माती आणि दगड.

दुसरा भाग खास कोकसाठीचा. एक ग्रॅम पूड लहान मुशीत घालून ती झपाट्याने आठशे वीस अंशांपर्यंत तापवतात. दोन-अडीच मिनिटांत वायू जळून संपतात. मूस थंड झाली की झाकण काढायचे. कोळसा कोकिंग असेल तर आत फुगलेला, टणक, बटणासारखा गोळा सापडतो. त्याचा आकार छापील नमुन्यांशी ताडून त्याला शून्य ते नऊ असा अंक देतात. चांगल्या कोळशाचा अंक चारच्या वर असतो. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असताना मी वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर करून दाखवत असे. मुशीत गोळा कधी मिळाला नाही. मूस उलटी केली की सुटी काळी पूड कागदावर पडायची आणि मुलांना वाटायचे सरांचा प्रयोग फसला! प्रयोग फसलेला नसे. ती पूड हेच उत्तर होते.

कारखान्यात याच्या पुढच्या परीक्षाही असतात. तयार कोकचे दोनशे ग्रॅम तुकडे अकराशे अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडच्या झोतात ठेवायचे, मग नळकांड्यात घालून सहाशे फेरे द्यायचे आणि किती तुकडे शाबूत राहिले ते मोजायचे. सोन्याला कसोटी असते तशी कोकची ही कसोटी. शंभरातले साठ-पासष्ट तुकडे टिकले तर माल मोठ्या भट्टीच्या लायकीचा.

आणि या सगळ्याआधी येते नमुना घेणे. सामान्य वाचकाला ते किरकोळ वाटेल, पण व्यवहारात सगळ्यात मोठा खेळ इथेच होतो. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन कोळसा असतो आणि मुशीत जातो एक ग्रॅम. तो ग्रॅम गाडीभर कोळशाचा खरा प्रतिनिधी असला पाहिजे. म्हणून वेगवेगळ्या डब्यांतून, वरून आणि खोलातून कोळसा घ्यायचा, फोडायचा, मिसळायचा, ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे, पुन्हा फोडायचे, पुन्हा चार भाग, असे करत करत प्रयोगशाळेच्या बाटलीपर्यंत यायचे. ज्याने डब्याच्या वरच्या थरातले चार चकचकीत तुकडे उचलले त्याचे यंत्र कितीही आधुनिक असो, त्याचा आकडा खोटाच. कोळशाचा दर प्रतीवर ठरतो. २०१२ पासून वीज कोळशाच्या सतरा प्रती उष्मांकावर ठरू लागल्या आणि प्रत एक पायरी इकडची तिकडे झाली की लाखो रुपये इकडचे तिकडे होतात. खाण म्हणे आमचा कोळसा उत्तम, वीजकेंद्र म्हणे आम्हाला दगड पाठवले. ही भांडणे इतकी वाढली की २०१५-१६ पासून खाण आणि वीजकेंद्र यांच्यामध्ये तिसरा तटस्थ तपासनीस नेमण्याची पद्धत आली आणि धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेकडे ते काम सोपवले गेले.

धान आणि कोळसा

आता धुण्याकडे वळू. कोळसा धुतात म्हणजे त्याची वरची धूळ साफ करतात असा समज आहे. तसे नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. पऱ्हे टाकण्याआधी बियाण्याचे धान आपण मिठाच्या पाण्यात सोडतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात बुडणारे पोचट दाणे मिठाच्या जड पाण्यात वर तरंगतात, ते काढून टाकायचे आणि तळाशी बसलेले भरदार बी पेरायचे. कोळशाची वॉशरी हाच न्याय उलटा लावते. शुद्ध कोळसा पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीड पट जड, दगड दोन-अडीच पट जड. पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची अतिशय बारीक पूड कालवली की पाणी जड होते. त्यात कोळसा सोडला की चांगला वर तरंगतो आणि दगड तळाशी जातो. मॅग्नेटाइट लोहचुंबकाने ओढून घेऊन पुन्हा वापरता येते, ही त्यातली युक्ती. रव्यासारखा बारीक कोळसा अशा रीतीने वेगळा होत नाही. त्याला थोडे तेल चोपडून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात. कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती खाली राहते.

वॉशरी बांधण्याआधी प्रयोगशाळेत याचीच छोटी आवृत्ती करतात. वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांची भांडी ओळीने मांडायची आणि कोळसा एकातून दुसऱ्यात नेत पाहायचे की कोणत्या घनतेला किती माल तरंगला आणि त्यात राख किती. त्यावरून कळते की हा कोळसा धुण्याजोगा आहे की नाही. भारतीय कोळशाचे दुखणे येथे उघडे पडते. युरोप-अमेरिकेतला पुष्कळ कोळसा जिथे झाडे वाढली तिथेच गाडला जाऊन तयार झाला. आपला गोंडवनी कोळसा बहुतांशी पुराच्या पाण्याने वाहून आणलेल्या झाडोऱ्याचा, त्यामुळे त्याच्या अंगात चिखल मुरलेला. (गोंडवन हा जगाच्या भूगर्भशास्त्रातला शब्द आपल्याच गोंडांच्या देशावरून गेला आहे, हे जाता जाता.) वरून चिकटलेला दगड सुटतो, मुरलेली माती सहज सुटत नाही. ती सोडवायची तर कोळसा फार बारीक करावा लागतो. बारीक केला की पाणी अधिक, खर्च अधिक आणि वाया जाणारा मालही अधिक.

राख घालवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी, असे कुणी विचारील. कोकिंग कोळशातली राख कोकमध्ये जशीच्या तशी उतरते, उलट तिचे प्रमाण वाढते, कारण वायू उडून गेलेले असतात. झोतभट्टीत ती राख वितळवायला चुनखडी जास्त, चुनखडी वितळवायला पुन्हा कोक जास्त, आणि भट्टीतून निघणारे लोखंड कमी. म्हणून सरकारी प्रतवारीत १५ टक्क्यांपर्यंत राख असलेला कोळसा पोलाद प्रत क्रमांक एक, १८ टक्क्यांपर्यंत क्रमांक दोन, आणि त्यापुढचा सगळा वॉशरी प्रतीचा, म्हणजे धुतल्याशिवाय उपयोगाचा नसलेला. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या कोळशात राख जेमतेम नऊ-दहा टक्के असते.

मग आमचा कोळसा धुऊन घेऊ आणि कोक करू, असे कुणाला वाटेल. मला हा सगळा लेख लिहावासा वाटला तो याच गैरसमजासाठी. धुण्याने राख जाते, चिकटपणा येत नाही. धान कितीही पाखडले, निवडले तरी आंबेमोहोराची चव जाड्या तांदळाला यायची नाही. चिकटपणा ही कोळशाच्या वयाची आणि जमिनीखाली सोसलेल्या उष्णता-दाबाची देणगी आहे. वर्धा खोऱ्यातला, उमरेड-कामठीचा कोळसा त्या मानाने कच्चा राहिला. त्यात ओलावा जास्त, वायू जास्त आणि गोळा धरण्याची ताकद नाही. गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे जुने लोक सांगतात. निसर्गाने तो डिंक झाडांना दिला, कोळशाला दिला नाही.

एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा नकार

विदर्भाच्या कोळशाची ही परीक्षा आज नव्याने होते आहे असे नाही. ती एकदा होऊन गेली आहे, आणि तिच्या निकालाने भारताच्या उद्योगांचा नकाशा बदलला.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापडाचा जम बसत असतानाच, १८८२ साली, रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याची कोळसा खाण तेथून दूर नाही, असे त्यात होते. वरोऱ्याला सरकारी खाण आधीच चालू होती आणि कोळसा वाहण्यासाठी वर्ध्यापासून लोहमार्गही टाकलेला होता. खनिज आहे, कोळसा आहे, रेल्वे आहे, भांडवल नागपुरात आहे. आजच्या गडचिरोलीच्या जाहिरातीसारखेच सगळे जुळून आले होते. जमशेटजी मात्र उत्साहाच्या भरात पायाभरणी करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने तपासून घेतले. उत्तर प्रतिकूल आले: लोखंड गाळायला हा कोळसा चालणार नाही. खाणपरवान्याचे तेव्हाचे सरकारी नियमही जाचक होते. बेत बारगळला.

लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाल्यावर त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. अमेरिकेतून चार्ल्स पेरिन आणि सी. एम. वेल्ड हे तज्ज्ञ मिळवले. वेल्डने पुन्हा लोहाऱ्यापासूनच सुरुवात केली आणि पुन्हा नकार दिला. पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. दोराबजी टाटा नागपुरात सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत असताना वेळ घालवायला वस्तुसंग्रहालयात शिरले आणि तेथे टांगलेल्या मध्य प्रांताच्या भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण दिसली. ते दल्ली-राजहराचे डोंगर, आमच्या गोंदियाच्या पूर्वेला, आज छत्तीसगडात. खनिज अप्रतिम होते. पण जवळपास कोकचा कोळसा नव्हता आणि पुरेसे पाणीही नव्हते. तेवढ्यात भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाची माहिती दिली. तेथून झरियाचा कोकिंग कोळसा जवळ होता. १९०७ साली कंपनी निघाली, साकची गावी कारखाना झाला आणि १९१२ साली पोलाद निघाले. साकचीचे जमशेदपूर झाले, आणि वरोरा वरोराच राहिले. वरोऱ्याची ती खाणही १९०६ मध्ये बंद पडली.

दल्ली-राजहराचे खनिज पुढे सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या उपयोगी पडले. तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली. पण भिलाईलाही कोकिंग कोळसा दुरून पूर्वेकडून आणि पुढे समुद्रापलीकडून आणावा लागला.

आमच्या बाजूचा त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातला कन्हान खोऱ्याचा कोळसा. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या हद्दीत थोडाफार तरी गोळा धरणारा कोळसा मिळतो तो तिथेच. म्हणून कंपनीने १९८०च्या दशकात दामुआजवळ नंदन येथे वर्षाला १२ लाख टनांची कोकिंग कोळशाची वॉशरी उभारली. असा दुबळा कोळसा एकटा भट्टीत जात नाही, बलवान कोळशात मिसळून जातो. मिश्रणात त्याचे स्थान डाळीत घातलेल्या पाण्यासारखे, खर्च कमी करणारे. प्रमाण चुकले की डाळ बिघडते.

बंदरापासून भट्टीपर्यंत

देशभराचे चित्रही फार वेगळे नाही. भारतातल्या एकूण कोळसा साठ्यात कोकिंग कोळसा जेमतेम दहावा हिस्सा, आणि त्यातला उत्तम प्रतीचा जवळजवळ सगळा झारखंडमध्ये झरियाला. तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली आग धुमसते आहे, वर वस्त्या आहेत. टाटांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट बोकारो आणि जामाडोबा येथे वॉशरी बांधल्या, सरकारने नंतर अनेक बांधल्या, १९७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. तरीही वरचे सोपे थर संपत गेले, खालचा कोळसा अधिकाधिक मातीचा निघू लागला आणि शंभर टन धुतल्यावर अनेकदा निम्मासुद्धा स्वच्छ माल हाती येईना. परिणामी गेली काही वर्षे देश दरसाल साडेपाच कोटी टनांहून अधिक कोकिंग कोळसा आयात करतो, त्यातला सर्वाधिक ऑस्ट्रेलियातून. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने हे परावलंबन ८५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२१ मध्ये त्यासाठी खास मोहीमही काढली. उद्दिष्ट योग्य आहे. आयातीचे आकडे मात्र अजून खाली यायला तयार नाहीत.

याचा तुमच्या-आमच्या घराशी काय संबंध? मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचे युद्ध पेटल्यावर, ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. त्या वर्षी ज्यांनी घराचा स्लॅब टाकला त्यांना सळईचा भाव आठवत असेल.

आता गडचिरोलीचा हिशेब करून पाहू. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद काढायला ढोबळमानाने पाऊण टनाहून थोडा जास्त कोकिंग कोळसा लागतो. अडीच कोटी टन पोलाद सगळेच या मार्गाने काढायचे ठरवले तर वर्षाला सुमारे २ कोटी टन कोळसा, म्हणजे रोज चार हजार टनांच्या तेरा-चौदा मालगाड्या फक्त कोळशाच्या. खनिज आणि पोलादाच्या गाड्या वेगळ्या. बंदर विशाखापट्टणम धरा नाहीतर पश्चिम किनाऱ्यावरचे, अंतर कित्येक शे किलोमीटर.

असा रस्ता कसा दिसतो हे पाहायचे असेल तर गोव्यात वास्कोला जावे. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा गोवा ओलांडून कर्नाटकातल्या बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्याला जातो. गोव्याला त्यातले पोलाद मिळत नाही, धूळ मिळते. बंदर वाढवण्यावरच्या २०१७ च्या जनसुनावणीत वास्कोकरांनी दिवसचे दिवस ठाण मांडून हेच सांगितले. मी विकासाच्या विरोधात नाही, आणि बळ्ळारीच्या कारखान्याने हजारो घरे चालतात हेही मला ठाऊक आहे. पण कारखाना जिथे असतो त्या गावापेक्षा कोळसा जिथून जातो ती गावे जास्त असतात, आणि पायाभरणीच्या मांडवात त्यांना खुर्ची नसते.

दुसरा मार्ग आहे, आणि तो विदर्भाला अपरिचित नाही. चंद्रपूरजवळ घुग्गुसला १९९०च्या दशकापासून स्पंज आयर्न निघते. तिथे खनिज वितळवत नाहीत. न चिकटणाऱ्या साध्या कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत भाजून त्यातला प्राणवायू काढतात आणि मग विजेच्या भट्टीत त्याचे पोलाद करतात. या कामाला कोळसा चिकटणारा नसलेलाच बरा! म्हणजे आमच्या कोळशाचा दुर्गुण येथे गुण ठरतो. तोटे आहेत. मोठ्या प्रमाणावर हा मार्ग झोतभट्टीइतका स्वस्त पडत नाही, धूर आणि राखही कमी नाही. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू किंवा हायड्रोजन वापरता येतो, पण त्याचा खर्च सध्या परवडणारा नाही. तरीही राज्य सरकारने सवलती देताना कोणत्या मार्गाच्या पोलादाला किती, असा भेद करायला काय हरकत आहे? टनामागे टन मोजून सवलत दिली की कारखानदार सवयीचा मार्ग धरणार.

धुण्याचा प्रश्नही विदर्भाला नवा नाही, फक्त येथे कोळसा धुतात तो विजेसाठी. खाणीपासून पाचशे किलोमीटरच्या पुढच्या वीजकेंद्रांनी ३४ टक्क्यांहून कमी राखेचा कोळसा वापरावा, असा नियम २०१६ पासून लागू होता. मे २०२० मध्ये केंद्राने तो काढून टाकला. वॉशरी तरी चालूच आहेत. चंद्रपूर-वणीच्या रस्त्यांवर त्यांचे काळे ढीग कुणालाही दिसतात. शंभर टन धुतले की साधारण वीस-पंचवीस टन रिजेक्ट निघते. कागदावर तो दगड असतो, पण त्यात जळण्याजोगा अंश असतो आणि त्याला गिऱ्हाईकही असते. चांगला कोळसा रिजेक्ट म्हणून दाखवून बाहेर काढला, की वीजकेंद्राला दगड आणि बाजाराला कोळसा, असा उलटा धुलाईचा धंदा सहज शक्य होतो. त्याला अटकाव करणारी गोष्ट एकच, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही मालांचा प्रामाणिक नमुना. आणि काळे पाणी? ते कागदावर आतल्या आत फिरते, पावसाळ्यात नाल्याला लागते.

आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, त्यामुळे कोळशाची राख म्हणजे काय हे गोंदियाला सांगावे लागत नाही. गडचिरोलीच्या मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरण अहवाल होतील, जनसुनावण्या लागतील. नियमानुसार त्याची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. तो जाडजूड सारांश हाती पडला की पहिली पन्नास पाने उलटून सरळ कच्च्या मालाच्या तक्त्यावर जावे. कोकिंग कोळसा कोणत्या देशातून, कोणत्या बंदरातून आणि कोणत्या गावांवरून येणार? त्यातली राख किती? तो धुतलेला येणार की येथे धुणार, आणि येथे धुणार तर पाणी वैनगंगेचे की इंद्रावतीचे? रिजेक्ट कुठे टाकणार? तक्त्यात नुसते ‘आयात’ एवढाच शब्द लिहिलेला असेल, तर सुनावणीत हात वर करून तेवढ्या एका शब्दाचा खुलासा मागावा आणि दिलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावावे.